काठावर कोण बसलंय?

सोलापुरातल्या एका जलतरण तलावावर मी एकोणीस वर्षं पोहायला शिकवतो. त्या एप्रिलच्या सकाळी लहान पोरांची बॅच सुटली होती. पाण्यात एकच जण होता, रजेवर आलेला नौदलातला खलाशी. मोहोळकडचा शेतकऱ्याचा पोरगा, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. त्याला मार्कोसमध्ये जायचं होतं.

मार्कोस म्हणजे नौदलाचे मरीन कमांडो. १९८७ साली हे दल उभं राहिलं. त्यासाठी नौदलातलेच जवान आपणहून नाव देतात. पहिली चाळणी तीन दिवसांची, आणि खरा कस त्यानंतर. मांडीभर चिखलातून पाठीवर ओझं घेऊन ८०० मीटर जायचं असतं, हे तो चहा पिताना डोळे चमकवत सांगायचा. मोबाइलवर सोमालियाजवळच्या रुएन जहाजाच्या बातम्या जपून ठेवलेल्या. मार्च २०२४ मध्ये भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर या कमांडोंना विमानातून समुद्रात उतरवलं, ३५ चाचे शरण आले आणि जहाजावरचे सगळे १७ खलाशी सुखरूप सुटले.

"एकट्यानं बुडी मारायची नाही," असं मी त्याला बजावलं होतं. तरी पाच मिनिटांसाठी मी पंपाच्या खोलीत गेलो. ती चूक माझीच.

परत आलो तर खोल बाजूला तो तळाशी पालथा. आधी वाटलं, सराव चाललाय. धडपड नाही, हातपाय मारणं नाही. पण त्याची बोटं पाण्याबरोबर हलत होती, शेवाळ हलावं तशी. जिवंत माणसाची बोटं अशी हलत नाहीत. कपड्यांसकट उडी टाकली.

वर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते, श्वास बंद. फरशीवर उताणा करून तोंडानं श्वास द्यायला लागलो. चौथ्या की पाचव्या श्वासाला तो खोकला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. वॉचमननं १०८ ला फोन लावला. नंतर फुप्फुसांना त्रास होऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं.

संध्याकाळी त्यानं सांगितलं, "सर, बुडी मारायच्या आधी वीसेक श्वास भराभर घेतले. दम वाढंल म्हणून."

घात तिथंच झाला. भराभर श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यायची तळमळ होते ती मुख्यतः या वायूमुळे. तो कमी असला की तळमळ उशिरा होते. तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि काही कळायच्या आत शुद्ध हरपते. त्यातून जिद्दी माणसाला धोका जास्त, कारण तळमळ झाली तरी तो दाबून धरतो. ज्या जिद्दीच्या जोरावर त्याला निवड मिळवायची होती, तीच त्याला तळाशी घेऊन गेली होती.

मी त्याला म्हणालो, "बाळा, दम कोंडून कुणी कमांडो होत नाही." पाण्याखालून गुपचूप जाणारे पाणबुडे बुडबुडे न सोडणारं ऑक्सिजनचं यंत्र वापरतात. पण सहा-सात मीटरच्या खाली तोच शुद्ध ऑक्सिजन विषासारखा बाधू शकतो, झटके येतात. म्हणून तिथं खोली पाळावी लागते, आणि जोडीदारावर नजर ठेवावी लागते. त्या रुएनच्या मोहिमेतसुद्धा समुद्रात एकटा कोण उतरला होता?

तेवढ्यात त्याची आई गावाहून एसटीनं आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती बराच वेळ त्याच्या पायावरून हात फिरवत बसली. मग मला म्हणाली, "विहिरीत ह्यो बुडी मारायचा तवा ह्येचा बाप काठावर बसायचा, सर. पोरगं वर येईस्तोवर बिडीसुदिक पेटवायचा न्हाई."

मला मान वर करता आली नाही.

रजा संपायच्या आधी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, तो शेवटचा तलावावर आला. पंपाची खोली मी वॉचमनकडे सोपवली होती. त्यानं दोनच शांत श्वास घेतले आणि पाण्याखालून निघाला, फक्त २५ मीटर. हातात लांब बांबू धरून मी काठानं त्याच्या बरोबरीनं चालत राहिलो.