सेदू केता यांचा पडदा
पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतील बामाको शहरात, फ्रेंच अमदानीत, छायाचित्रकार सेदू केता यांनी १९४८ साली फोटो स्टुडिओ थाटला. फिल्म महाग असल्याने एका गिऱ्हाइकाचा बहुधा एकच फोटो काढला जाई. त्यामुळे मान किती वळवायची, हात कुठे ठेवायचा, हे ते आधीच पक्के करून घेत. कोट, घड्याळ, पेन, रेडिओ या वस्तूही स्टुडिओतच मिळत. (पेन खिशाच्या शोभेपुरतेच असावे, असा माझा आपला तर्क!) मला मात्र मोह पडतो तो मागच्या पडद्याचा: पहिला पडदा म्हणजे त्यांच्याच पलंगावरची झालरीची चादर होती, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलत गेल्यामुळे कोणता फोटो कधीचा, हे त्यांना नक्षीवरूनच सांगता येई. बायकांच्या नक्षीदार झग्यांत ती नक्षी अशी मिसळते की चेहरा आणि हात तेवढे ठळकपणे पुढे येतात.