हिरव्या हनुवटीचा छडा लागला, आणि लिहिता लिहिता पुढचा बेत बदलला

मंडळी, लग्नातल्या माझ्या फोटोंत नवरीची हनुवटी, कान आणि मान हिरवट का येते, हे कोडं मागच्या नोंदीत अर्धवट राहिलं होतं. त्या हिरव्या हनुवटीमागचा गुन्हेगार सापडला. साडी नव्हे, ट्यूबलाइट नव्हे, आणि माझा मॉनिटर तर नव्हेच. (शेवटचं वाक्य मागच्या नोंदीनंतर मला मॉनिटर बदलायचा सल्ला देणाऱ्यांसाठी.) गुन्हेगार आहे हळद. पण तिने एकटीने काही केलेलं नाही. मांडवाच्या खांबाला बांधलेला जांभळा पार लाइट, म्हणजे सजावटीचा रंग बदलणारा एलईडी दिवा, तिला सामील आहे. दोघं वेगवेगळे असले तर काही बिघडत नाही.

गौरीहराशी बसलेली नवरी हा माझा हट्टाचा विषय, हे आता सगळ्यांना पाठ आहे. अख्ख्या लग्नात तेवढाच वेळ ती कोणासाठी हसत नसते. समोर अन्नपूर्णा, ओंजळीत तांदूळ, अंगावर मामाकडची पिवळी अष्टपुत्री, कपाळावर मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. ठरवलेले फोटोवाले तेव्हा बहुधा नवरदेवाच्या मागे धावत असतात, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला कोपरा मिळतो. अडचण ही की गेल्या हंगामात दादरच्या हॉलमध्ये काढलेल्या निम्म्याअधिक फोटोंत कानाच्या पाळ्या, जबड्याची कड आणि मान हिरवट आली होती, पावसाळ्यातल्या कुंपणाच्या भिंतीसारखी. गाल मात्र ठीक, कपाळ ठीक.

लाइटरूममध्ये, म्हणजे फोटोचे रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काय काय केलं ते पुन्हा उगाळत नाही. हिरवा खाली खेचला की चुडा मरतो, पिवळा सरकवला की अष्टपुत्री मळकी दिसते, आणि मास्क लावून मान वेगळी रंगवली की मुंडावळीच्या मोत्यांभोवती गुलाबी कड उमटते. शिवाय मला ते करायचंच नाही. रंग जागेवर बरोबर यायला हवा. घरी बसून मान रंगवायची असेल तर फोटो काढायचाच कशाला?

पहिला संशय साडीवर होता, आणि तो रास्तच होता. पिवळ्या रेशमावरून उसळलेला प्रकाश हनुवटीखाली पिवळा डाग टाकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मावसबहिणीला घरच्या गॅलरीत तशीच पिवळी साडी नेसवून बसवलं आणि मांडीवर आधी काळं कापड, मग पांढरं कापड टाकून पाहिलं. काळ्या कापडाने हनुवटीखालचा पिवळा साफ गेला. पण तो पिवळाच होता, हिरवा नव्हता, आणि कानापर्यंत तर पोचतच नव्हता. मांडीवरून निघालेला प्रकाश कानाच्या मागच्या बाजूला कसा जाईल? साडी सुटली.

मग ट्यूबलाइट. स्वस्त एलईडी ट्यूबमध्ये हिरवा जास्त आणि गडद लाल कमी, हे खरंच. वेष्टनावर छापलेला सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, फक्त पहिल्या आठ ठरावीक रंगांची सरासरी असते. गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे ‘९५ सीआरआय’ वाचून घेतलेल्या दिव्याखाली शालू आणि कुंकू विटकरी दिसू शकतं. (एका ऑनलाइन विक्रेत्याला आर-९ चा आकडा विचारला, तर त्याने उत्तरादाखल दिव्याचं वजन कळवलं.) पण ट्यूबचा हिरवा असता तर तो ग्रे कार्डवरही (रंग जुळवायला धरतात ते राखाडी कार्ड) दिसला असता. कार्ड तिच्या खांद्याशी धरून घेतलेली फ्रेम आहे माझ्याकडे: कार्ड तटस्थ, पाठीमागची चादर पांढरी आणि शेजारचा कान हिरवा. म्हणजे दोष प्रकाशात नव्हता, त्वचेत होता. इथे मी अडकलो होतो आणि मागची नोंद तिथेच थांबली होती.

सुटका झाली ती बँकेत, माझ्या टेबलावर. रविवारी चुलतभावाच्या हळदीला गेलो होतो. सोमवारी सकाळी काउंटरवर पाचशेच्या नोटा यूव्ही दिव्याखाली धरतोय, तर नोटेवरच्या धाग्याच्या जोडीला माझ्या नखांच्या कडाही चमकतायत. पिवळट हिरव्या. मी नोट खाली ठेवली, हात उलटासुलटा करून पाहिला आणि समोरच्या काकांनी विचारलं, “साहेब, नोट खोटी आहे का?” त्यांना म्हटलं, नोट खरी आहे काका, हातच खोटा निघाला.

हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. तो जांभळा आणि निळा प्रकाश गिळतो. त्याचं शोषण सर्वांत जास्त असतं ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. गिळलेल्यातला काही भाग हिरवट पिवळ्या रूपात परत बाहेर टाकतो. डेकोरेटर मंडळींचा आजचा लाडका रंग जांभळा, म्हणजे पार लाइटमधले लाल आणि निळे एलईडी एकत्र, काही दिव्यांत तर वेगळा यूव्हीसुद्धा. हळद लागलेल्या मानेवर तो पडला की निळा गडप होतो आणि वरून थोडा हिरवा बाहेर येतो. बिचाऱ्या ग्रे कार्डला हळद लागलेली नसते. गाल-कपाळ का वाचतात? तिथे मेकअपचा थर असतो. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, कोपर, नखं या ठिकाणी आदल्या दिवशीची हळद शाबूत राहते. आता जुन्या फ्रेम पुन्हा काढून पाहा: हिरवा नेहमी पारच्या बाजूच्याच कानावर आहे. डोळ्यांसमोर होतं सगळं.

खात्री करायला एकांकिकांची प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राकडून एक पार उसना आणला. हातावर हळदीचे पट्टे ओढले, वाळवले, धुतले आणि प्रत्येक रंगाखाली ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स घेऊन, म्हणजे कार्ड राखाडीच दिसेल असे कॅमेऱ्यातले रंग जुळवून, फोटो काढले. खिडकीच्या उजेडात पट्टा नुसता पिवळसर, नवरीला शोभेल असा. जांभळ्यात हिरवा. फक्त लालमध्ये पट्टा गायब, शोधूनही सापडेना. अंबरमध्ये, म्हणजे लाल आणि हिरवा चालू, निळा पूर्ण बंद, पट्टा जवळजवळ त्वचेत मिसळलेला. इथे मी एकटाच टाळ्या वाजवल्या. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, क्रिकेट लागलंय का.

आता हे मांडवात कसं उतरवायचं? पार्ल्याच्या लग्नात डेकोरेटरला आधी सरळ विचारलं, गौरीहरापुरते हे दोन पार बंद कराल का? तो म्हणाला, “दादा, मांडव मेल्यासारखा दिसेल, व्हिडिओवाले मला धरतील.” त्याचंही बरोबर आहे. मग म्हटलं, बंद नका करू, अंबर करा. रिमोट त्याच्या खिशातच होता. पिवळी साडी, पितळी समया आणि अंबर, व्हिडिओवालाही खूश. दिवा बंद करा म्हटलं की माणूस अडतो, रंग बदला म्हटलं की ऐकतो.

दुसरा अर्धा उपाय मेकअपवाल्या ताईंनी केला. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. साबण तर लावूच नये, क्षाराने हळद तांबूस होते (चुना घालून कुंकू याच गुणावर बनतं). ताईंना म्हटलं, कान आणि मान मेकअपच्या आधी खोबरेल तेलाच्या कापसाने पुसाल का? “अहो, ते मी करतेच, पण घाई झाली की मान राहते,” त्या म्हणाल्या. या वेळी राहिली नाही. गुरुजींनी मात्र दटावलं: “फोटोवाले, तुमचा कान झाला असेल तर पूजा पुढे घेऊ?”

आणि फोटो आले! कान कानाच्या रंगाचा, साडी पिवळी, चुडा हिरवा, एकाच फ्रेममध्ये, स्लाइडरला हात न लावता. ८५ एमएमची लेन्स, एफ २.८, शटर १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूबच्या लुकलुकण्याने फोटोत उमटणारे पट्टे १/१०० ला जातात. पार लाइट हा नियम पाळेलच असं नाही, म्हणून आधी दोन-चार फ्रेम मोठ्या करून बघाव्यात. मुख्य दिवा छोटा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), नवरीच्या डाव्या हाताला आणि नेहमीपेक्षा बराच खाली. नथ डाव्या नाकपुडीत असते. दिवा उंच ठेवला की तिची सावली वरच्या ओठावर मिशीसारखी पडते. खाली आणला की ती गालावर सरकते आणि तिथे शोभते. दुसरा फायदा मुंडावळ्यांचा. मोती हा गोल आरसाच आहे, समोर जे असेल ते दाखवतो. चौकोनी सॉफ्टबॉक्सने प्रत्येक मोत्यात खिडकी दिसायची, आता गोल ठिपका दिसतो. तांदूळ वाहताना तिने मान थोडी कलंडली तेव्हाची फ्रेम आहे. सरीतल्या प्रत्येक मोत्यात तोच ठिपका. ती मी मोठी छापून घेणार आहे, आणि मॅट कागदावर. चकचकीत कागद जरीवर चालतो, त्वचेवर नाही, या मतावर मी ठाम आहे.

थोडं खरेदीबद्दल. मांडीवर टाकायला आणि रिफ्लेक्टर (प्रकाश चेहऱ्याकडे परतवायचा पडदा) म्हणून मंगळदास मार्केटमधून कोरा मांजरपाट आणला. हसू नका. पांढऱ्याशुभ्र कापडात शुभ्रता आणणारी रसायनं असतात, घरी टिनोपाल घातलं की आणखी. ती यूव्हीत निळी चमकतात. नवऱ्यामुलाचं उपरणं फ्लॅशमध्ये निळसर येतं ते यामुळेच. कोऱ्या मांजरपाटात ती भानगड नसते, आणि त्याचा सायीसारखा रंग गव्हाळ त्वचेला मानवतो. शेकडो रुपयांच्या घडीच्या रिफ्लेक्टरपेक्षा मला तो आवडला, फक्त इस्त्री करून न्यावा लागतो. जेलचे कागद, म्हणजे दिव्यावर लावायचे रंगीत पारदर्शक कागद, कोणाला हवे असतील तर नाटकवाल्यांकडे ‘जिलेटिन’ म्हणून मागा. फोटोच्या दुकानात तोच तुकडा पाकिटात घालून तिप्पट भावाने देतात.

पुढचा बेत असा होता की बोराबाजारात जाऊन आर-९ चा आकडा सांगणारा चांगला एलईडी पॅनल बघायचा. तिथले दोन-तीन दुकानदार दिवा लावून, आपलं ग्रे कार्ड धरून फोटो काढू देतात, म्हणून मी ऑनलाइनच्या भानगडीत पडत नाही. पैसेही बाजूला काढले होते.

पण वरचा हळदीच्या पट्ट्यांचा परिच्छेद लिहिताना डोक्यात आलं: जो हिरवा मी वर्षभर पुसत बसलो, त्याचाच फोटो का काढू नये? हळदीच्या संध्याकाळी, अंधाऱ्या खोलीत, नवरीचे हळद माखलेले हात आणि त्यावर नोटा तपासायची टॉर्च. लिहिणं अर्धवट टाकून उठलो आणि बाथरूममध्ये दिवा बंद करून स्वतःच्या हातावर बघून आलो. चमकते! एका हातावर पाण्यात कालवलेली हळद होती, दुसऱ्यावर खोबरेल तेलात. तेलाची कितीतरी जास्त उजळली. लग्नाच्या हळदीत तेल असतंच, म्हणजे आपलं काम घरच्या बायकांनी आधीच करून ठेवलंय.

अडचण एकच दिसली. माझी टॉर्च ३९५ नॅनोमीटरची, तिचा स्वतःचा जांभळा प्रकाशही फोटोत येतो आणि हळदीचा रंग गढूळ करतो. बाबांच्या पेंटॅक्सच्या पेटीत ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातला पिवळा फिल्टर पडून आहे. तो जांभळा अडवतो आणि हिरवट पिवळा जाऊ देतो. लेन्ससमोर हाताने धरून पाहिला: पार्श्वभूमी काळी झाली, हात तेवढा उरला. आयएसओ १६००, कॅमेरा तिपाईवर, शटर एक सेकंद. माझा हात एक सेकंद स्थिर राहत नाही, पण नवरीचे दोन्ही हात पाटावर टेकवता येतील. टॉर्च डोळ्यांकडे अजिबात जाऊ द्यायची नाही, म्हणून चेहरा या फोटोत घेणार नाही, किंवा घेतलाच तर टॉर्च विझवून त्याच एक्स्पोजरमध्ये शेवटी मंद फ्लॅशने. फ्लॅशवर अंबर जिलेटिन... थांबा, लेन्सवर पिवळा फिल्टर आहेच, वर अंबर लावला तर चेहरा भगवा होईल. अंबर नको.

आणि मेंदी! मेंदी हळदीच्या आधी लागलेली असते. तिचा तांबूस तपकिरी रंग असा चमकायचं काही कारण मला दिसत नाही. हळद तेलात पातळ करून तळहातावर पुसटशी फिरवली तर हात उजळेल आणि नक्षी काळी उठेल. मावसबहिणीला आत्ताच मेसेज टाकलाय की एका हातावर मेंदी काढून शनिवारी ये. तिने उत्तरात फक्त हात जोडलेत, त्याचा अर्थ हो असा मी धरतोय.

तर एलईडी पॅनल रद्द, निदान वैशाखापर्यंत. तेव्हा गिरगावात एक हळद आहे, नवरी तयार आहे, तिच्या आईला मी ‘अंधाऱ्या खोलीत’ हे शब्द न वापरता समजावतोय. बाबांचा फिल्टर ४९ मिमीचा, माझी लेन्स ६७ ची, आणि हाताने धरला की कडेने जांभळा शिरतो. ६७ चा जुना पिवळा फिल्टर, वाय-२ किंवा के-२ लिहिलेला, कोणाच्या कपाटात पडून असेल तर कळवा. बदल्यात मांजरपाटाचा दोन मीटर तुकडा देईन, इस्त्री करून.