गणपूर्ती

राजापूर तालुक्यातील एका खेड्यातील माध्यमिक शाळेत मी गेली १९ वर्षे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. 'ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा' हे वाक्य मी दर वर्षी सहावीच्या फळ्यावर लिहिले आहे आणि मुलांनी ते परीक्षेत बिनचूक लिहून गुणही मिळवले आहेत. गेल्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला याच वाक्याचा अर्थ मला माझ्या २२ विद्यार्थ्यांसमोर नव्याने शिकावा लागला.

त्या दिवसाची सुरुवात खरे तर आठ महिने आधी झाली होती. ही मुले पाचवीत असताना नैसर्गिक संसाधनांचा पाठ शिकवताना मी सांगितले की, आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या कातळ पठारावरच्या वाडीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मग आमच्याकडं टँकर का येतो, बाई?" पुस्तकात याचे उत्तर नव्हते, ते शोधायला आम्ही विहिरींकडे गेलो. काथ्याच्या एका लांब दोरीला मुलांनी हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि फेब्रुवारीपासून दर शनिवारी गावातील सात सार्वजनिक विहिरींत ती सोडून किती गाठी ओल्या आल्या ते वहीत लिहायला सुरुवात केली. सड्यावरच्या विहिरीत फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी नऊ गाठी भिजल्या होत्या. मार्चअखेर चार राहिल्या. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी दोरी वर आली ती कोरडीच, फक्त दगडाच्या एका बाजूला ओला चिखल लागलेला होता. त्या दिवशीच्या रकान्यात मुलांनी शून्य लिहिले नाही, 'चिखल' असे लिहिले.

कारण समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर थोडे, उतार तीव्र, त्यामुळे नद्या आखूड आणि वेगवान. पायाखालचा जांभा खडक सच्छिद्र. त्याच्यात पाणी झटकन मुरते आणि तितक्याच झटकन खालच्या उतारावरून झऱ्यांवाटे बाहेर पडून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळते. पऱ्या खाडीला मिळतो, आणि चार महिन्यांचा पाऊस दिवाळीनंतर फारसा हाताशी उरत नाही. वाडीतल्या एका आजोबांनी मुलांना सांगितले की, पूर्वी पाऊस ओसरला की सारी वाडी मिळून दगड, माती आणि झाडांच्या डहाळ्या घालून पऱ्याला बांध घालत असे. पुढे तरणी माणसे मुंबईला गेली आणि बांध घालायचा राहिला. मुलांनी ते उचलून धरले. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरून वनराई बंधारा घालावा, असा अर्ज त्यांनी लिहिला, त्यावर मतदार म्हणून पालकांनी सह्या केल्या, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो पाचव्या क्रमांकावर आला.

मुलांना सभेत मत नाही हे त्यांना ठाऊक होते. बसून पाहायला मात्र कोणाचीही हरकत नव्हती. वर्गात आम्ही तयारी केली. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले, हे त्यांनी पाठ केले होते. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर लागतात, यालाच गणपूर्ती म्हणतात, हेही मी सांगितले होते. आमच्या गावाचे मतदार ६४०. त्याचे १५ टक्के म्हणजे ९६, हे गणित मुलांनीच फळ्यावर सोडवले. वर्गातील एका मुलीला मी माणसे मोजण्याचे काम दिले. काम किरकोळ वाटून तिने ते सोडून देऊ नये, म्हणून मी तिला वेगळी वही दिली होती.

सभा अकराची होती. साडेअकरापर्यंत सभागृहात ५३ मतदार आले. यात नवल काही नव्हते. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी सुरू झालेली आणि आभाळ अजून भरवशाचे नव्हते, त्यामुळे ज्याच्या त्याच्या मनात शेत होते. शिवाय यादीतील कित्येक नावे मुंबईतील चाकरमान्यांची आहेत. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात, २ ऑक्टोबरला येत नाहीत. कोकणातील ग्रामसभांची ही अडचण खरी आहे आणि गावकऱ्यांना आळशी ठरवून ती सुटणारी नाही.

नोंदवही फिरली. मागील सभेचे इतिवृत्त वाचायला घेत व्यासपीठावरून कोणीतरी सहज म्हणाले, "सुरू करूया, राहिलेल्या सह्या संध्याकाळी वाडीवाडीतून घेऊ." त्या बोलण्यात लबाडी नव्हती. सभा झाली नाही तर आराखडा अडतो, निधी अडतो, म्हणून वर्षानुवर्षे पडलेली ती वहिवाट होती आणि सभागृहातील कोणालाही ती खटकली नाही. खटकली ती भिंतीजवळ सतरंजीवर बसलेल्या, हातात वही धरलेल्या त्या मुलीला. ती उभी राहिली आणि व्यासपीठाकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, ५३च आहेत. ९६ लागतात ना? घरी सही केली तर माणूस सभेत होता असं होतं का?"

सभागृह गप्प झाले. तिला खाली बस म्हणणे मला सहज शक्य होते आणि खरे सांगायचे तर क्षणभर ते शब्द ओठांवर आलेही होते. पण 'झालेल्या गोष्टींची खरी नोंद म्हणजे इतिवृत्त' असे मीच तिला शिकवले होते. त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट मनात आली आणि तिने मला अधिक अस्वस्थ केले. त्या ६४० नावांत माझेही नाव आहे. मी त्या दिवशी शिक्षिका म्हणून मुलांना घेऊन आले होते. नोंदवही माझ्यासमोरून गेली तेव्हा मी ती पुढे सरकवली होती. १९ वर्षांत मी एकाही ग्रामसभेला मतदार म्हणून बसले नव्हते. मी उठले, नोंदवही मागून घेतली आणि सही केली. मुलीने वहीत ५४ लिहिले.

सरपंचताई स्वतः शेतात राबणाऱ्या आहेत. त्यांनी समोरची फाईल मिटली आणि म्हणाल्या, "पोरांसमोर खोटं नको. माणसं बोलवून आणा." मुले तेवढ्याचीच वाट पाहत होती. जोड्या करून, कोणी कुठल्या वाडीत जायचे ते ठरवून आणि पऱ्यात उतरायचे नाही असे बजावून मी त्यांना पाठवले. पुढचा दीड तास माणसे येत राहिली. कापणी अर्ध्यावर टाकून आलेल्या बायका होत्या. त्यांच्या कमरेला विळा खोचलेला होता आणि लुगड्याला भाताची पाती चिकटलेली होती. एक आजी दाराशीच थबकल्या, कारण पाय चिखलाने भरले होते. सरपंचताईंनी त्यांना हाताला धरून आत घेतले. दुपारी एक वाजता मुलीने आकडा सांगितला, ८७.

नऊ माणसे कमी पडली. ग्रामसेवकांनी तेच लिहिले, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब', आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

उठण्यापूर्वी मात्र एक गोष्ट घडली, ती कोणत्याही इतिवृत्तात नाही. सड्यावरच्या वाडीतल्या एका बाईने मुलांनी भिंतीला लावलेला विहिरींचा तक्ता कोणाकडून तरी वाचून घेतला, मग खाली ठेवलेली गाठींची दोरी उचलली आणि ती हाताने मोजली. "आमची दोरी यापेक्षा लांब हाय, बाई," ती म्हणाली. "चैतात आमची विहीर आटली की खालच्या वाडीत जातो. ती खोल हाय. तिथं दोन दोऱ्या जोडाव्या लागतात." मुलांनी एकमेकांकडे पाहिले. ती विहीर खाजगी असल्यामुळे आमच्या तक्त्यात नव्हती, आणि तीव्र टंचाईच्या दिवसांत अख्खी वाडी जिथे पाणी भरते ती जागा आमच्या अभ्यासातून सुटली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, "सभा तहकूब झाली म्हणजे आपण हरलो का?" मी त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला आणि महाडविषयी बोलले. महाड आमच्याच कोकणातले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, तेही ठरावाने. प्रत्यक्षात मात्र त्या समाजाला तळ्याचे पाणी घेऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतरही खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. मुलांनी वर्षे फळ्यावर ओळीने लिहिली. मोजणी करणारी मुलगी बराच वेळ त्या ओळीकडे पाहून म्हणाली, "म्हणजे वहीत पाणी आलं होतं, तळ्यावर नव्हतं."

आमच्या बंधाऱ्याची आणि महाडची तुलना होऊ शकत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगितले. तिथे प्रश्न माणूसपणाचा होता. पण कागदावरची सही आणि प्रत्यक्ष हजर असलेले माणूस यांतला फरक त्यांना कळला होता, आणि तो समजावून सांगायला मला एकही वाक्य जास्तीचे बोलावे लागले नाही.

तहकूब सभेला कायद्याने गणपूर्तीची अट नसते. तरीही पुढच्या आठवड्यात ६८ मतदार आले आणि बंधाऱ्याचा ठराव मंजूर झाला. नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी श्रमदानातून पोती भरली. विटांसारखी सांधेमोड करून ती रचली, मधल्या फटींत चिकणमाती दाबली. पाणी अडले. यंदा मार्चअखेर सड्यावरच्या विहिरीत सहा गाठी भिजल्या आणि दगडाला चिखल लागण्याचा दिवस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला. एका वर्षाच्या मोजणीवरून बंधाऱ्याला सारे श्रेय देणे घाईचे होईल. गेल्या पावसाळ्याचाही त्यात वाटा असेल. टँकर यंदाही आला, पण उशिरा आला.

तक्त्यात आता आठ विहिरी आहेत. आठव्या विहिरीसाठी मालकांची परवानगी घ्यायला मुले स्वतः गेली होती, आणि त्या विहिरीवर मोजायला जाताना ती दुसरी दोरी सोबत नेतात.