उरलेल्या वेळात

डेलावेअर नदीच्या पात्रात फेरीबोट वाळूत रुतून बसली आणि गायक बिल हेली आपल्या ‘कॉमेट्स’ या बँडसकट न्यूयॉर्कला उशिरा पोचला. तारीख १२ एप्रिल १९५४. बोट रुतली, यात वादकांचा काय दोष? पण स्टुडिओच्या घड्याळाला हे कोण सांगणार! अमेरिकेत तेव्हा वादकांच्या युनियनचा हिशोब ठरलेला असे. एक सेशन तीन तासांचं, आणि तेवढ्यात साधारण चार गाणी उरकायची. त्यापुढे काटा सरकला की जादा पैसे. त्यामुळे निर्मात्याचा एक डोळा गायकावर आणि दुसरा भिंतीवर.

रेकॉर्डिंग होतं पिथियन टेंपलमध्ये. नाव देवळाचं असलं तरी ही एका बंधुमंडळाची इमारत. तिथला उंच छताचा हॉल डेक्का कंपनी गाणी ध्वनिमुद्रित करायला वापरायची. निर्माता मिल्ट गेबलर याला त्या दिवशी हवं होतं ‘थर्टीन विमेन’ नावाचं गाणं. हायड्रोजन बॉम्ब पडतो आणि गावात तेरा बायका व एकच पुरुष शिल्लक राहतो, अशी त्यातली कल्पना. शीतयुद्धाच्या ऐन भरात हा विषय कुणाला गमतीचा वाटावा, याचं मला आजही नवल वाटतं. पण तबकडीची मुख्य बाजू म्हणून हेच गाणं ठरलं होतं आणि बराचसा वेळ त्यानेच खाल्ला.

मग राहिलेल्या वेळात दुसरी बाजू भरून काढायला घेतलेलं गाणं म्हणजे ‘रॉक अराउंड द क्लॉक’. पहिल्या टेकमध्ये वाद्यांच्या दणक्यात हेलीचा आवाज बुडाला. पुन्हा करायला निवांतपणा कुठला? पुढच्या पाळीचा सॅमी डेव्हिस ज्युनिअर बाहेर ताटकळत होता म्हणतात. घाईघाईत दुसरा टेक झाला, त्यात गायकाचा आवाज वर ठेवला, आणि नंतर डेक्काच्या तंत्रज्ञांनी दोन्ही जोडून एक गाणं केलं.

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो डॅनी सेड्रोनमध्ये. हा गिटारवाला बँडचा कायमचा सभासद नव्हता, सेशनपुरता बोलावलेला. मधला सोलो नव्याने बसवायला सवड नव्हती. मग त्याने काय केलं, तर १९५२ मध्ये हेलीच्याच ‘रॉक द जॉइंट’ या गाण्यात वाजवलेला आपला जुना सोलो जवळजवळ जसाच्या तसा इथे वाजवून टाकला. आपल्याकडे याला वेळ मारून नेणं म्हणतात. तो सोलो आजही ऐकताना बोटं कुठून कुठे पळाली ते कळत नाही. मोबदला मिळाला २१ डॉलर. त्याच वर्षी जूनमध्ये जिन्यावरून पडून सेड्रोन गेला. आपण काय वाजवून ठेवलंय हे त्याला कधी कळलंच नाही.

कळणार तरी कसं? मे महिन्यात तबकडी बाजारात आली तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ सिनेमाच्या सुरुवातीला हे गाणं वाजलं आणि पोरं थिएटरात नाचायला उठली. ते गाणं सिनेमात आलं कसं? नायक ग्लेन फोर्डच्या लहान मुलाच्या संग्रहात ती तबकडी होती, ती दिग्दर्शकाच्या कानावर पडली म्हणून. जुलै १९५५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आठ आठवडे तिथेच बसलं. तेरा बायकांचं गाणं आता चौकशी केल्याशिवाय सापडत नाही.

ही हकिकत कळल्यापासून मला एक चाळा लागलाय. रॉक अँड रोलच्या पहिल्या काही वर्षांतलं एखादं गाणं आवडलं, की ते कुणी लिहिलं, कुणी गायलं हे नंतर. ते सेशनच्या कितव्या तासाला झालं, हे आधी शोधायचं. घरातले याला रिकामटेकडेपणा म्हणतात. म्हणोत.

याच चाळ्यापायी मेम्फिसला, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूवर सारखं जाणं होतं, अर्थात खुर्चीत बसूनच. सॅम फिलिप्सने १९५० मध्ये तिथे एका खोलीत ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ थाटली. लग्न असो, भाषण असो, काहीही, कुठेही, केव्हाही रेकॉर्ड करून देऊ, अशी जाहिरात. पैसे दिले की कुणालाही आपल्या आवाजाची तबकडी करून मिळायची. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्विस प्रेस्ली नावाचा अठरा वर्षांचा मुलगा असाच चारेक डॉलर घेऊन आला होता. मॅरियन काइस्कर या तिथल्या सहायक बाईंनी त्याचा आवाज ध्यानात ठेवला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती.

५ जुलै १९५४ चा सोमवार. गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक. दोघेही पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी करणारे: एक धुलाई-इस्त्रीच्या दुकानात टोप्यांना आकार द्यायचा, दुसरा टायरच्या कारखान्यात. एल्विस स्वतः एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवत होता. दिवसभराच्या नोकऱ्या संपल्यावर तिघे जमले आणि संथ, गोड, हळवी गाणी घोळवत बसले. ‘आय लव्ह यू बिकॉज’चे टेकवर टेक झाले. ते टेक पुढे प्रकाशित झालेत, मी ऐकलेत. वाईट नाहीत, पण ऐकताना आपणच घड्याळ बघायला लागतो.

मग सुटी झाली. आणि सुटीत एल्विस एकदम उठून आर्थर क्रूडप या ब्लूज गायकाचं ‘दॅट्स ऑल राइट’ हे जुनं गाणं माकडचेष्टा करत गाऊ लागला. ब्लॅकने बास उचलला आणि तोही त्याच्या तारा थापटत उड्या मारू लागला. मूरने सूर धरला. फिलिप्स आतल्या खोलीत होता, दार उघडं होतं. त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? तिघे म्हणाले, काय माहीत! तो म्हणाला, मग जरा मागे जा, सुरुवात कुठून करायची ते ठरवा आणि पुन्हा करा.

सॅम फिलिप्सची थोरवी म्हणून लोक बरंच काही सांगतात. मला विचाराल तर त्याची थोरवी या एका प्रश्नात आहे. पोरं सुटीत धिंगाणा करताहेत म्हटल्यावर दार लावून घेणारे निर्माते पैशाला पासरी. याने दार उघडं ठेवलं होतं.

त्या खोलीत ढोलवाला नव्हता. ताल म्हणून जे ऐकू येतं ती ब्लॅकच्या तारांची थापट आणि एल्विसची स्वतःची गिटार. वर फिलिप्सची आवडती करामत. टेप मशीनमध्ये नोंदवणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. टेपला ते कापायला सेकंदाचा अगदी लहान भाग लागतो. तेवढ्या उशिराने येणारा आवाज त्याने मूळ आवाजातच परत मिसळला. विहिरीत हाक मारल्यावर येते तशी, पण फार चटकन. पुढे नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए कंपनीने ३५,००० डॉलर मोजून एल्विसचा करार विकत घेतला, पण ही हाक काही करारात नव्हती. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला ‘हार्टब्रेक हॉटेल’ करताना त्यांनी तो परिणाम आणायला इमारतीचा मोकळा बोळ वापरला. ती वास्तू मेथडिस्ट चर्चच्या प्रसारण विभागाची! धर्मप्रचाराच्या बोळात हे गाणं घुमलं, ही मात्र मला फार आवडलेली गोष्ट आहे.

न्यू ऑर्लिन्सची कथा तर आणखी कडेलोटाची. कोझिमो मटासाचा छोटा स्टुडिओ, १४ सप्टेंबर १९५५, माइकसमोर लिटल रिचर्ड. गाणी होताहेत, पण ज्याच्या किंकाळ्यांसाठी बोलावलं तो माणूस शहाण्यासारखा गातोय. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल हैराण. जेवायला सगळे ड्यू ड्रॉप इनमध्ये गेले. तिथे पियानो दिसला, समोर माणसं दिसली आणि रिचर्डच्या अंगात आलं. त्याने क्लबात गायचं एक चावट गाणं सुरू केलं. ब्लॅकवेलला हवं ते सापडलं, पण शब्द असे की रेडिओवर लावण्याची सोय नाही. डोरोथी लाबोस्ट्री या तरुण गीतकार बाईंना सोज्ज्वळ शब्द लिहायला सांगितलं. आणि मूळ गाणं त्यांना ऐकवताना हा एवढा दांडगोबा लाजून भिंतीकडे तोंड करून गायला, अशी ब्लॅकवेलची आठवण आहे. शब्द हातात आले तेव्हा सेशनची जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. ठरलेल्या पियानोवाल्याला चाल शिकवायला वेळ नाही, म्हणून रिचर्डच पियानोवर बसला. तीन टेक. ‘टुटी फ्रुटी’ तयार.

इथे कुणी म्हणेल, सगळं असं आयत्या वेळी होत नाही. बरोबर आहे. चक बेरीच्या ‘मेबेलीन’चे छत्तीस टेक झाले असं म्हणतात, ‘हाउंड डॉग’ एल्विसने एकतीस वेळा केलं. घासून घासूनही सोनं निघतं. क्लोव्हिस गावचा स्टुडिओवाला नॉर्मन पेटी तर तासावर पैसेच घ्यायचा नाही, गाण्यावर घ्यायचा. त्यामुळे बडी हॉलीची पोरं रात्रभर ठाण मांडून बसत. दिवसा रस्त्यावरच्या ट्रकांचा त्रास, रात्री शांतता. सवड मिळाल्यावर माणसाला काय काय सुचतं पाहा: ‘एव्हरीडे’मध्ये ढोलवाल्या जेरी अ‍ॅलिसनने ढोल बाजूला ठेवून स्वतःच्या मांड्या थोपटल्या, दुसऱ्या एका गाण्यात पुठ्ठ्याचं खोकं बडवलं. बँडचं नाव ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे. आणि एका रात्री खराच रातकिडा नॉर्मन पेटीच्या प्रतिध्वनीच्या खोलीत शिरला. ‘आय अ‍ॅम गॉना लव्ह यू टू’च्या शेवटी तो ऐकू येतो. काढून टाकला नाही, हे फार बरं केलं.

हे वारं आपल्याकडे पोचायला वेळ लागला नाही. १९५७ च्या ‘आशा’मध्ये सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा यांनी ‘ईना मीना डीका’ केलं. अण्णांची बैठक चालू असताना बाहेर मुलं ‘ईनी मीनी’ करत खेळत होती, तिथून ते उचललं. आणि साथीतल्या गोव्याच्या जॉन गोम्स यांनी त्याला ‘माका नाका’ जोडून दिलं, अशी हकिकत आहे. म्हणजे इथेही कामाच्या खोलीत बाहेरचं काहीतरी शिरलं, आणि इथेही कुणी खिडकी लावून घेतली नाही.

पण माझ्या या चाळ्याचं सगळ्यात मोठं घबाड सापडलं ते पुन्हा ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूवरच. ४ डिसेंबर १९५६. काम होतं गायक कार्ल पर्किन्सचं. पियानोला तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला जेरी ली लुइस. एल्विस, आता देशभर गाजलेला, सहज डोकावला. गायक जॉनी कॅशही त्या दिवशी तिथे होता. फिलिप्सने वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून फोटो काढून घेतला, आणि ध्वनिमुद्रक जॅक क्लेमंटने टेप चालू ठेवली. ठरवून काहीच नाही. बहुतेक भजनं, अर्धवट गाणी, मध्येच गप्पा. लास व्हेगासला कुणा गायकाने आपलं ‘डोन्ट बी क्रूएल’ आपल्यापेक्षा चांगलं गायलं, हे एल्विस मनापासून सांगतो आणि लगेच त्याची नक्कल करून दाखवतो. एल्विस तेव्हा आरसीएचा, त्यामुळे हा माल विकण्याची सोय नव्हती. टेप पडून राहिली. काही भाग १९८१ मध्ये आणि बराचसा १९८७ मध्ये बाहेर आला.

मी ती बरेचदा लावतो. रेकॉर्ड म्हणून तिला ना आकार ना उकार. कुणीतरी सूर शोधतंय, कुणीतरी हसतंय, दाराची ये-जा चालू आहे. एका ठिकाणी निरोपानिरोपी सुरू होते आणि एल्विस कुरकुरतो की म्हणूनच या असल्या बैठकींना मी सुरुवात करायला नको म्हणतो, सगळ्यात शेवटी निघणारा नेहमी मीच असतो.