मोफे डोक्यातून जाईना

आज सुट्टी होती म्हणून दुपारी जेवण झाल्यावर 'एयिमोफे' लावला, २०२० चा नायजेरियन पिक्चर, एसिरी या जुळ्या भावांनी काढलेला, आणि संध्याकाळचा चहा करायचाच राहून गेला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचं नाव स्पेन, दुसरीचं इटली, पण दोन्ही घडतात नायजेरियातल्या लागोस शहरातच. मोफे एका प्रेसमध्ये वायरिंगची कामं करतो, पहिल्याच सीनला वायरींचा तो भयानक गुंता दिसतो, बॉक्स नवीन बसवा म्हणून सांगून सांगून थकला तरी कोणी ऐकत नाही. स्पेनला जायची तयारी चाललेली आणि एका रात्रीत बहीण अन तिची पोरं जनरेटरच्या धुराने झोपेतच जातात. मग इथे पैसे भर, तिथे पैसे भर, माणसाला धड रडूही देत नाहीत हो! दुसऱ्या गोष्टीतली रोझा दिवसा केशभूषेचं काम करते, शिवाय बारमध्ये, घरी धाकटी बहीण गरोदर, आणि घरमालकाची नजर भाड्यापेक्षा तिच्यावरच. ती दारात उभी राहून त्याच्याशी बोलते ना, तेव्हा माझाच जीव वरखाली होत होता. योरुबा या तिथल्या भाषेत पिक्चरच्या नावाचा अर्थ 'ही माझी इच्छा'. रात्रीचे अकरा वाजलेत, त्या वायरींमध्ये घातलेले मोफेचे हात अजून दिसतायत.