सांगली ते हंपी, दोघं एका गाडीवर, सावकाश

दिवसाला किती किलोमीटर जायचं हे मी सुरुवातीला ठरवलंच नाही, आणि त्याचं श्रेय बायकोला. सांगलीहून हंपीला मोटरसायकलवर जाऊया म्हटल्यावर ती लगेच तयार झाली, पण अटी घालून. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. तासाभरानं उतरून पाय मोकळे करायचे. एखादं गाव आवडलं तर "पुढचं बुकिंग झालंय" हे कारण सांगायचं नाही. "अहो, पळायचंच असेल तर हरिप्रिया एक्स्प्रेसनं जाऊ की. मिरजेत बसलं की होस्पेटला उतरायचं."

गल्लीतली लडाखला जाऊन आलेली पोरं म्हणाली, "काका, हंपी एका दिवसात होतंय की!" होतंय. हुबळीमार्गे पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहे, तिशीतल्या माणसाला काहीच नाही. पण माझं वय छप्पन्न, गाडी दीडशे सीसीची युनिकॉर्न, मागं बायको आणि तिचा एक कुरकुरणारा गुडघा. म्हणून मी किलोमीटर बाजूला ठेवले आणि उजेडाचे तास मोजायला बसलो. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं सातच्या आत उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. सकाळी आठला निघायचं, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचायचं. मधे चहा, जेवण, थांबे. साध्या रस्त्यावर हे सगळं धरून तासाला पंचवीसच्या वर सरासरी पडत नाही. मग दीडशे-पावणेदोनशे ही वरची मर्यादा आपोआप निघाली. संध्याकाळ गावात फिरायला मोकळी राहते, हा खरा फायदा.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. पुणे-बंगळूर महामार्गाला लागलं की सरळ हुबळी, पण सातारा ते कागल सहापदरीकरणामुळं जागोजागी वळणं, आणि पुढंही ट्रकांच्या रांगेत मागं बसणाऱ्याला बघण्यासारखं काही नाही. मी नकाशावर कृष्णेवर बोट ठेवलं आणि खाली नेत गेलो. सांगलीकराला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव पुराच्या दिवसांत रोज ऐकायला मिळतं. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक वेळी धरणाच्या पातळीवरून वाद. ते धरण आम्ही कधी बघितलं नव्हतं. मार्ग तिथंच ठरला: मिरज, म्हैसाळ, कागवाड, अथणी, विजापूर, तिथून अलमट्टी, मग कुडलसंगम, जिथं मलप्रभा कृष्णेला मिळते आणि बसवेश्वरांचं समाधिस्थान आहे. पुढं मलप्रभा धरून ऐहोळे, पट्टदकल, बदामी. शेवटी तुंगभद्रेकाठी हंपी. येताना गदग, हुबळी, बेळगाव.

या मार्गाचा आणखी एक गुण मला उशिरा दिसला. विजापूर, बागलकोट, बदामी, होस्पेट, गदग सगळी रेल्वेवर आहेत. गुडघा बोलला तर ती कुठूनही रेल्वेनं परत येऊ शकते. गाडीसुद्धा पार्सलनं पाठवता येते, फक्त टाकी रिकामी करून, नीट बांधून, आरसीची प्रत जोडून द्यावी लागते. तशी वेळ आली नाही, पण हे घरात सांगितल्यावर मुलीचा विरोध निम्म्यावर आला.

तारखेला मात्र बरंच डोकं लावावं लागलं. पावसाळा बाद, उन्हाळ्यात विजापूर-बदामी म्हणजे तवा. दिवाळीच्या सुट्टीत हंपीत पाय ठेवायला जागा नसते, नाताळच्या आठवड्यातही नसते. जानेवारीत पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची जत्रा सुरू होते, ती पुढं काही आठवडे चालते. जत्रा बघायची असेल तर उत्तम, खोली हवी असेल तर अवघड. उरला नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा. पण तोच आपला गळीत हंगाम. मिरजेपासून अथणीपर्यंत दोन्ही बाजूला ऊस आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. त्यांना मागं दिवा असलाच तर उसाच्या वाढ्यात लपलेला. पहाटे धुकं असेल तर ट्रॉली दहा हातांवर आल्यावरच दिसते. म्हणून पहिल्या दिवशी आठऐवजी साडेआठला निघायचं ठरलं. पहाटे पाचला निघायची हौस असणाऱ्यांनी ती एप्रिलसाठी ठेवावी.

कागदपत्रांत फारसं काही नव्हतं, फक्त सगळ्यांच्या मुदती एका कागदावर लिहिल्या. विमा सहलीच्या मधेच संपत होता, तो आधी भरला. पीयूसी काढली. माझ्या लायसनची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपणार होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी वर्षभरापासून करता येतो आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १ए लागतो, तेही उरकून टाकलं. डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात, तरी मूळ आरसी आणि लायसन खिशात ठेवलं, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय शिक्क्याचं. मागच्यालाही ते सक्तीचं आहे, हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता गाडी. आमचा मेकॅनिक मिरज रस्त्यावरचा, हाताचा चांगला. मी निघायच्या महिनाभर आधी गाडी नेली. नवे पार्ट आदल्या दिवशी बसवले तर त्यांच्या तक्रारी रस्त्यावर कळतात; महिनाभर आधी बसवले तर सांगलीतच कळतात. तो म्हणाला, "काका, चेन किट अजून दोन-तीन हजार किलोमीटर जातंय की. कशाला खर्च?" मी चेन मागच्या चकतीवर ओढून दाखवली, दातांपासून सुटत होती. मग त्यानंच जुना स्प्रॉकेट काढून हातात दिला. दात एका बाजूला वाकलेले. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला मी तेव्हाच शिकलो. ३११८ म्हणजे २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत होती, पण रबर कडक झालेलं. मागचा टायर बदलला. ऑइल, ब्रेक शू, प्लग, एअर फिल्टर नेहमीसारखं. एक जुनी युक्ती त्यानं सांगितली ती सोन्यासारखी: क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारूनच टाकीखालून ओढून, दोन्ही टोकं बांधून ठेवायची. तुटली तर नुसती टोकं जोडायची, टाकी काढायची गरज नाही. दोघं आणि सामान असल्यामुळं मागच्या चाकात हवा किती भरायची ते चेनगार्डवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सारखीच भरतो.

मग एका रविवारी सगळं सामान बांधून औदुंबरला जाऊन आलो. माझ्या मते तयारीतला हा भाग कुणीही टाळू नये. घरी अंगणात बांधलेलं सामान आणि पन्नास किलोमीटर हादरे खाल्लेलं सामान यांत फरक असतो. सॅडल बॅगची एक बाजू सायलेन्सरकडं सरकत होती, ती समजली. मागच्या कॅरियरवर उंच बांधलेली पिशवी बायकोच्या पाठीला टेकत होती. तिला आधी बरं वाटलं, पण वळणावर गाडीचं पुढचं चाक हलकं लागायला लागलं. जड वस्तू खाली आणि पुढं घेतल्या, वर फक्त कपडे. बाजारातल्या हुकवाल्या इलॅस्टिक दोऱ्यांपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे मला जास्त भरवशाचे वाटले. हूक सुटून डोळ्यात जायची भीती नाही. सीटवर गादी टाकायची कल्पना बायकोची होती, तिनं ती स्वतः शिवली आणि मला पुढं बसवून बघूही दिली नाही.

खोल्या मी मोजक्याच आधी घेतल्या. कर्नाटक पर्यटन महामंडळाची मयूर हॉटेलं या मार्गावर सोयीची आहेत: विजापुरात आदिलशाही, बदामीत चालुक्य, हंपीजवळ कमलापूरला भुवनेश्वरी. आवार मोठं, गाडी आत लावता येते, आणि रात्री सामान सोडायची कटकट कमी. पहिला मुक्काम आणि हंपीचा शनिवार-रविवार एवढंच पक्कं केलं. मधे एक दिवस वहीत कोरा ठेवला. त्याच्यापुढं काहीही लिहायचं नाही, हे ठरवायला मला बरंच जड गेलं. हात आपोआप गदगजवळचं लक्कुंडी लिहायला जात होता.

निघालो आणि कागवाडच्या पंपावर टाकी भरली. कर्नाटकात पेट्रोल बहुतेक वेळा थोडं स्वस्त असतं, त्यामुळं तिथं सांगलीच्या एमएच १० गाड्यांचीच रांग असते. अथणीपर्यंत ऊस आणि ट्रॉल्या, पुढं हळूहळू रस्ता मोकळा, जमीन काळी, तिकोट्याच्या बाजूला द्राक्षबागा. विजापुरापर्यंत मराठी चालते. तिथून पुढं "बलक्के, एडक्के, नेर" एवढ्यावर भागलं. उजवं, डावं, सरळ. जेवायला खानावळी शोधाव्यात. कडक ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगायी, शेंगाचटणी, आणि दही मागाल तितकं. गोल घुमट आम्ही सकाळी उघडता उघडता बघितला. वरच्या सज्जात शाळांच्या सहली पोचल्या की प्रतिध्वनी ऐकायचा विसराच.

अलमट्टीला बायको बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. "हेच ते?" एवढंच म्हणाली. आमच्या घरात २०१९ ला कमरेएवढं पाणी होतं.

कोरा दिवस ऐहोळेनं खाल्ला. नकाशावर अर्ध्या दिवसाचं ठिकाण दिसतं, पण गावभर देवळं विखुरलेली आहेत, आणि टेकडीवरच्या मेगुती देवळात कवी रविकीर्तीनं रचलेली, ६३४ सालची चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरलेली आहे. तिथून उतरेपर्यंत दोन वाजले. ठरल्याप्रमाणं त्याच दिवशी पट्टदकलही करायचं होतं. ते सोडून सरळ बदामी गाठली आणि पट्टदकलला दुसऱ्या दिवशी आरामात गेलो, वीस-बावीस किलोमीटर तर आहे. वहीत जागा होती म्हणून हे जमलं. नाहीतर मी घड्याळ दाखवत राहिलो असतो आणि ती दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसली असती.

बदामी ते हंपी या पट्ट्यात मात्र जपून चालवा. शेतकरी मका आणि इतर पीक रस्त्यावरच वाळत घालतात, कडेला दगड लावून. कणसांवर दुचाकीचं चाक घसरतं आणि समोरून येणारा टेम्पो आपल्याला जागा देतोच असं नाही. आम्ही अशा ठिकाणी चक्क थांबायचो, टेम्पो गेला की निघायचो.

खर्चात पेट्रोल नगण्य निघालं. सगळा फेरा हजार किलोमीटरच्या आत, गाडी पन्नासच्या आसपास देते, म्हणजे दोन हजार रुपयांचा खेळ. पैसे गेले ते खोल्यांत आणि इरकल साड्यांत. साड्यांसाठी परतीला सॅडल बॅगमध्ये जागा नव्हती, त्यामुळं बेळगावहून माझे कपडे कुरिअरनं घरी आले.