कंबरेचं पिस्तूल: सहाव्या महिन्याची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की रोज बाळगायचं पिस्तूल काही पक्कं होत नाहीये. या महिन्यात ते झालं: ग्लॉक १९. यात नवीन काय, हे पिस्तूल १९८८ पासून लोक वापरतायत, असं काहीजण म्हणतील, आणि ते खरंच आहे. पण तिथवर पोचेपर्यंत माझी दोन ठाम मतं मोडली, ती सांगायची आहेत.

पहिलं मत: रोज अंगावर वागवायचं तर शस्त्र जितकं लहान तितकं बरं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात अंगावर एक पातळ टी-शर्ट सहन होत नाही, तिथे जाडजूड पिस्तूल कुठे लपवणार? म्हणून सुरुवात खिशात मावणाऱ्या .३८० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी) पिस्तुलाने केली. जवळ आहे हेही विसरायला होईल इतकं हलकं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, मात्र करंगळीला धरायला जागाच नाही. दर गोळीला मूठ सरकायची, पुन्हा नीट धरेपर्यंत नेम गेलेला. पन्नास गोळ्या झाल्या की अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मी रेंजवर जायची टाळाटाळ करतोय. तिथेच ते विकायचं ठरवलं.

मग स्मिथ अँड वेसनचं ६४२ घेतलं. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, घोडा आत झाकलेला, त्यामुळे काढताना कपड्यात अडकत नाही. रिव्हॉल्व्हरवर माझा जीव आहे तो कोल्हापूरच्या काकांमुळे. त्यांच्याकडे कानपूरच्या कारखान्यातलं .३२ चं रिव्हॉल्व्हर. भारतात ग्लॉकसारखं नऊ एमएम कॅलिबरचं शस्त्र सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून .३२. खंडेनवमीला ते तेलाच्या फडक्याने पुसून पाटावर यायचं, हळद-कुंकू लागायचं. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, आणि पावती कपाटात देवाच्या फोटोमागे. काका म्हणायचे, "काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं येतंय समोर." भरवशाची याहून सोपी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

पण माझ्या हातात ६४२ चा लांब, जड चाप सात यार्डांपलीकडे बसेना. मोजमाप म्हणून मी दर महिन्याला टेक्ससच्या शस्त्र बाळगायच्या परवान्याची चाचणीच देतो: तीन यार्डांवर २० गोळ्या, सातवर २०, पंधरावर १०. एकूण २५० गुण, पास व्हायला १७५. रिव्हॉल्व्हरने माझे २१४ झाले, ग्लॉकने २४३. जवळजवळ सगळा फरक शेवटच्या दहा गोळ्यांतला. हा आकडा पाहिल्यावर जिव्हाळा बाजूला ठेवावा लागला.

आता दुसरं मत: अडकलं की दोष पिस्तुलाचा. माझा नियम साधा आहे. सरावाच्या ५०० आणि रोज भरून ठेवायच्या काडतुसांच्या २०० गोळ्या एकही अडथळा न येता गेल्या, तरच ते शस्त्र कंबरेला. मधे साफसफाई नाही, फक्त सुरुवातीला तेल. ग्लॉकची २१२ वी गोळी अडकली. पुढचं काडतूस नाक खाली घालून नळीच्या तोंडाशी रुतलेलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) अर्ध्यावर थांबलेली. वाटलं, मनगट ढिलं पडलं असेल. २६० ला पुन्हा तेच. तेव्हा घरी येऊन तिन्ही मॅगझिनच्या (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डब्यांच्या) बुडाला पांढऱ्या रंगाने १, २, ३ आकडे घातले, आणि दर वेळी कुठलं मॅगझिन ते वहीत लिहायला लागलो. ३४७ ला तिसऱ्यांदा अडकलं. मॅगझिन ३.

१ आणि २ पिस्तुलाबरोबर आलेली. ३ मी स्वस्तात घेतलेलं, दुसऱ्याच कंपनीचं. पुढच्या रविवारी १ आणि २ मधून शंभर गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. मग ३ मधून तीस, आणि त्यात दोनदा अडकलं. टेबलावर तिन्ही रिकामी मॅगझिन शेजारी ठेवून गोळ्या वर ढकलणारी प्लास्टिकची पट्टी बोटाने दाबून बघितली. १ आणि २ मध्ये ती सरळ खाली जाते आणि तितक्याच जोरात वर येते. ३ मध्ये पुढच्या बाजूने कलते आणि वर येताना क्षणभर अडखळते. काडतुसाचं नाक खाली का जात होतं ते माझ्या बोटाला तिथे कळलं.

मोजणी शून्यापासून पुन्हा केली. परवाच्या रविवारी ५०० अधिक २०० पूर्ण झाल्या, एकही अडथळा नाही. त्या दोनशे गोळ्यांचे पैसे वर्मी लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी त्या कमी करू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. रोज भरून ठेवायची काडतुसं पोकळ टोकाची असतात, आणि त्यांचा आकार सरावाच्या गोलसर गोळीपेक्षा वेगळा असतो. तुमच्या पिस्तुलाला तो चालतो की नाही, हे तुमच्याच पिस्तुलाला विचारावं लागतं. मी स्पीअर कंपनीची गोल्ड डॉट काडतुसं वापरतोय, १२४ ग्रेन वजनाच्या गोळीची.

वजनाबद्दल बरेच जण विचारतात. पंधरा गोळ्या भरून साधारण साडेआठशे ग्रॅम. साध्या पट्ट्यावर पँट ओघळते. दुपदरी, कडक पट्टा घेतला आणि तक्रार संपली. ग्लॉकला चाप अडवून ठेवणारा, बोटाने सरकवायचा वेगळा खटका नाही, म्हणून होल्स्टरच्या (कंबरेच्या म्यानाच्या) बाबतीत मी काटकसर करत नाही. चाप पूर्ण झाकणारं, कायडेक्स या टणक प्लास्टिकचंच हवं. पिस्तूल परत ठेवताना टी-शर्टची कड डाव्या हाताने वर ओढतो, होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघतो, मगच सावकाश आत. परत ठेवायची घाई कधीच नसते. घरात सात वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे पिस्तूल एक तर माझ्या कंबरेला किंवा आकड्यांच्या तिजोरीत. तिसरी जागा नाही.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, मग तुम्ही परवाना का ठेवता? शाळेभोवतीच्या हजार फुटांत पिस्तूल नेऊ न देणारा केंद्रीय कायदा वेगळा आहे, आणि त्यातून राज्याचा परवाना असणाऱ्याला सूट मिळते. मुलीला सोडायला मी रोज त्याच रस्त्याने जातो. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी चालत नाही. आपल्या मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो, त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत आणि मी आरतीला.

पुढच्या महिन्यात थंडी सुरू होईल. जाकिटाची चेन लावलेली असताना पिस्तूल काढायचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलावर चालू केलाय, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. मॅगझिन ३ ला लाल पट्टी चिकटवून सरावाच्या पेटीत टाकलंय. ते आता अडकलेली गोळी सोडवायच्या तालमीला वापरतो.